न जेवलेल्या पंगतीबद्दल : एका रेसवाल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेत तुम्ही वय सांगितलंत म्हणून काका म्हणतोय, चालत नसेल तर सांगा. ‘द डबल इव्हेंट’ या 1911 सालच्या हरवलेल्या ऑस्ट्रेलियन मूकपटावर मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही. तुमची प्रतिक्रिया बरीच खाली गेली आहे, म्हणून इतरांसाठी सांगतो. काकांचं म्हणणं असं की ज्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही त्याबद्दल पानंच्या पानं लिहिणं म्हणजे न जेवलेल्या पंगतीचं वर्णन. नावाचं भाषांतर चुकलं आहे. फाळक्यांच्या आधी ऑस्ट्रेलियात सर्रास कथापट निघत होते हे खरं वाटत नाही. आणि ज्याच्या कादंबरीवर हा चित्रपट निघाला तो नॅट गूल्ड म्हणजे रेल्वे स्टेशनवर विकला जाणारा माल, त्याचं कौतुक कशाला?

भाषांतरापासून सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलो. मी ‘दुहेरी घटना’ लिहिलं होतं. तुम्ही एका ओळीत निकाल लावलात : “अहो, तो डबल. रेसला कधी गेलाच नाहीत वाटतं.” नाही गेलो. एकदाच, लहानपणी, मामाबरोबर, आणि तेव्हाही लक्ष भेळेवर होतं. पण डबल म्हणजे काय हे कळल्यावर कादंबरीच्या नावातला जोर कळला. दोन ठरलेल्या रेस, दोन्ही जिंकायच्या, एक गेली की सगळंच गेलं. दोन्ही घोड्यांचा भाव दहाला एक धरला, तर पहिल्या घोड्याने रुपयाचे अकरा होतात आणि ते सगळे अकरा दुसऱ्या घोड्यावर चढतात. दोन्ही आले तर हातात 121 रुपये. मेलबर्नमध्ये कॉलफील्ड कप आणि मेलबर्न कप या जोडीवर असे डबल लावायची जुनी रीत आहे. ‘घटना’ शब्दात यातलं काहीच येत नाही. लेखात आता ‘डबल’ केलं आहे.

आता पंगतीचं. तुमचा घाव बसला तो इथे. लेखात मी लिहिलं होतं की रेसच्या प्रसंगात “घोडे धुरळा उडवत थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतात”. हे मी कुठे पाहिलं? कुठेच नाही. वाक्य लिहिताना हात सुटला. तो परिच्छेद काढून टाकला आहे. या विषयावर लिहिणाऱ्याला हाच मोह सगळ्यात जास्त असतो. हरवलेला चित्रपट आपलं म्हणणं खोडायला येत नाही, त्यामुळे त्याला उत्कृष्ट म्हणणं फार सोपं. मी उत्कृष्ट म्हटलं नव्हतं, पण धुरळा उडवला, म्हणजे तेच झालं.

पण पंगत न जेवताही कोणी वाढलं, कोठीत काय होतं, पंगत कधी उठली हे सांगता येतं, आणि ते सांगण्यासारखं आहे. दिग्दर्शक डब्ल्यू. जे. लिंकन, मेलबर्नचा नाटककार. कंपनी अमॅल्गमेटेड पिक्चर्स. ती ज्यांनी मिळून काढली त्यात टेट बंधू होते, आणि मिलर्ड जॉन्सन व विल्यम गिब्सन ही जोडीही. याच मंडळींच्या हातून 1906 साली ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ निघाला होता. तुमच्या फाळक्यांबद्दलच्या शंकेला उत्तर हेच. नेड केली या दरोडेखोरावरचा तो चित्रपट 26 डिसेंबर 1906 ला मेलबर्नच्या अथेनियम हॉलमध्ये लागला, लांबी सुमारे 4000 फूट. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी बसतात, आणि सेकंदाला 16 चौकटी या वेगाने दाखवलं तर एक फूट म्हणजे बरोबर एक सेकंद. 4000 फूट म्हणजे सहासष्ट मिनिटं. फाळक्यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. ते 1913 साली घरचे दागिने आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून एकटे उभे होते, आणि मेलबर्नमध्ये 1911 पर्यंत या धंद्याला पाच वर्षं झाली होती. त्या एका वर्षात ऑस्ट्रेलियात पन्नासच्या आसपास कथापट निघाले.

त्यातला हा एक. म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो, थोर म्हणून नव्हे. 1911 चं वर्ष हा त्या धंद्याचा भर होता आणि पुढच्या दोन वर्षांत सगळं आटलं. 1912-13 मध्ये मोठ्या वितरक कंपन्या एकत्र आल्या. तिकडे लोक त्या गटाला नुसतं ‘द कम्बाइन’ म्हणत. अमॅल्गमेटेडही त्यातच विरघळली. थिएटरं हातात असलेल्यांना बाहेरून आलेले अमेरिकन आणि इंग्रज चित्रपट दाखवणं स्वतः चित्रपट काढण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. त्यात न्यू साउथ वेल्समध्ये बुशरेंजर म्हणजे दरोडेखोरांच्या चित्रपटांवर बंदी आली, आणि गल्ला भरणारा हुकमी विषयच गेला. रेसचा विषय उरला, पण काढणारेच उरले नाहीत.

प्रती का उरल्या नाहीत हे लेखात मी एका ओळीत उरकलं होतं. ती फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी डब्यात चिकट होऊन शेवटी तपकिरी भुकटी होते. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात चांदी असते. चालून झालेला चित्रपट भंगारात दिला की चांदीचे पैसे मिळत. 1911 चा चित्रपट 1920 साली कोण बघणार होतं? आपल्याकडे तरी काय झालं? बाबूराव पेंटरांचा 1925 चा मूक ‘सावकारी पाश’ आज नाही, 1936 चा बोलपट आहे. लिंकनच्या वाट्याला याहून फारसं बरं आलं नाही. त्याच्या कामातला 1913 चा ‘द सिक स्टॉकरायडर’ हा छोटा चित्रपट मात्र वाचला. तुम्हाला गंमत वाटेल, तो ज्या कवितेवर आहे ती लिहिणारा ॲडम लिंडसे गॉर्डन स्वतः पट्टीचा रायडर होता. 1868 साली मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर त्याने एका दिवसात तीन स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या रेस, जिंकल्या होत्या.

नॅट गूल्डबद्दल तुमच्याशी वाद नाही. स्टेशनवर विकला जाणारा माल, हे खरंच. पण तो माल कसा तयार झाला ते बघा. मँचेस्टरचा हा माणूस 1884 साली ऑस्ट्रेलियात गेला, सिडनीच्या ‘रेफरी’ या खेळांच्या वर्तमानपत्रात रेसवर लिहू लागला, आणि तिथेच त्याने ‘विथ द टाइड’ नावाची क्रमशः कथा लिहिली. ती 1891 साली लंडनहून ‘द डबल इव्हेंट’ नावाने पुस्तक होऊन आली आणि अशी खपली की पुढे त्याने सव्वाशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, जवळजवळ सगळ्या घोड्यांच्या. शब्दांचा कारागीर तो नव्हता. मात्र बुकी बोलतो कसा, तबेल्यात पहाटे काय चालतं, हे त्याला नोकरीमुळे ठाऊक होतं. कादंबरीचं नाटक झालं, मग चित्रपट. आपल्या एसटी स्टँडवरच्या रहस्यकथा कोणी जपून ठेवल्या नाहीत म्हणून आपण हळहळतो, तर त्याला वेगळी फूटपट्टी का लावायची? रेसपायी घरं बुडाल्याचं तुम्ही लिहिलंत, त्यावर मी काही बोलणार नाही. तुम्ही ते पाहिलं आहे, मी नाही.

एक गोष्ट लेखात लिहायची राहून गेली होती, ती तुमच्यामुळे आठवली. ऑस्ट्रेलियाच्या घोड्यांशी आमचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंत. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ लावणारा मारियस सेस्तिए आपल्याला ठाऊक आहे. तो मुंबईहून गेला कुठे? सिडनीला. आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला त्याने मेलबर्न कपचं चित्रीकरण केलं. न्यूहेवन नावाचा घोडा जिंकला होता. सेस्तिएचा तिथला भागीदार वॉल्टर बार्नेट हा फोटोग्राफर गर्दीसमोर येऊन लोकांना टोप्या हलवायला सांगतो, तेसुद्धा त्यात दिसतं. काका, 1896 ची खरी रेस आज पाहता येते आणि 1911 ची कथेतली रेस पाहता येत नाही! मुंबईला पहिल्यांदा सिनेमा दाखवणारा माणूस चार महिन्यांत फ्लेमिंग्टनवर कॅमेरा लावून उभा असतो, याहून जवळचा संबंध मला तरी सापडत नाही.

“आता तो सापडणार नाही, मग उगाळता कशाला” या तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. ‘केली गँग’सुद्धा पूर्ण गेला असं मानत होते. मग तुकडे मिळत गेले, काही कचऱ्यात, एक मोठा तुकडा तर ब्रिटनमध्ये, आणि आज सतरा मिनिटांच्या आसपास जमलं आहे. रेमंड लाँगफर्डच्या 1919 च्या ‘द सेंटिमेंटल ब्लोक’ची उत्तम प्रत अमेरिकेत रोचेस्टरच्या संग्रहात निघाली. डब्यावर नाव चुकून ‘द सेंटिमेंटल ब्लाँड’ पडलं होतं, त्यामुळे इतकी वर्षं कोणी उघडून बघितलं नव्हतं. सिडनीचा गावठी मवाली लेबलवर सोनेरी केसांची बाई झाला होता. ‘डबल इव्हेंट’च्या डब्यावर काय लिहिलं असेल कोण जाणे. माझ्यासारख्याने भाषांतर केलं असेल तर आशाच सोडा.

तुमच्या वडिलांच्या जुन्या रेसबुकांचा तुम्ही उल्लेख केलात, पुठ्ठ्याच्या खोक्यात माळ्यावर आहेत म्हणून. ती रद्दीत घालू नका. ऑस्ट्रेलियातून आलेल्या वेलर घोड्यांची नावं त्यात असतील तर मला बघायची आहेत. तुमची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी येतो, आणि खोकं काढायला शिडीवर मी चढेन, तुम्ही नाही.