तक्रारीसाठी पॅकर्स-मूव्हर्सच्या शहरात जावं लागत नाही

लेखात म्हटलंय की पॅकर्स-मूव्हर्सवाल्याने ट्रक अडवून जास्त पैसे मागितले तर देऊन मोकळं व्हावं, कारण केस करायची तर कंपनीच्या गावालाच जावं लागतं. हे साफ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. माझ्या बहिणीचं सामान पुण्याहून गुरुग्रामला जात होतं, ठरलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट दिल्याशिवाय गाडी खाली करणार नाही म्हणून ड्रायव्हर अडून बसला आणि सुपरवायझरचा फोन बंद, घरात लहान बाळ, अंथरूण-पांघरूणसुद्धा त्याच ट्रकमध्ये. तिने पोलिसांना ११२ वर फोन लावल्यावर मग तासाभरात सगळं उतरलं. पैसे द्यावेच लागले तर निदान रोख देऊ नका हो, यूपीआयने द्या आणि 'दबावाखाली दिले' असा मेसेज लगेच पाठवून ठेवा.

अजून एक, लेखात इन्शुरन्सबद्दल काहीच नाही आणि खरी लूट तिथेच होते. सामानाच्या किमतीवर टक्केवारी लावून पैसे घेतात पण विमा कंपनीची पॉलिसी कधीच हातात देत नाहीत, नुसती बिलावर एक ओळ लिहितात. फ्रिज फुटला की मग कळतं. गाडी हलायच्या आधी पॉलिसी नंबर आणि सामानाच्या यादीची सही केलेली प्रत मागा, आणि नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवा, २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात ती अट आहे.