दहा संघांनी सोडला म्हणजे दहा मतं झाली का?

आयपीएलच्या लिलावाचा मोसम आला की आमच्या पेठेतल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "संघांकडे कोट्यवधी रुपये घेणारे तज्ज्ञ असतात. दहाच्या दहा संघांनी पॅडल खाली ठेवलं, तर त्या खेळाडूत खोट असणारच. दहा डोकी एकाच वेळी चुकत नाहीत. मोठी बोली म्हणजे मोठा खेळाडू. आणि ज्याच्यात दम आहे, तो कुठूनही वर येतोच." यंदा हा मेसेज मला चार वेळा आला. त्यातला एक अशा पोराच्या मामानं पाठवला होता, ज्याला गेल्या वर्षी आमच्याच लिलावात कुणी घेतलं नव्हतं. खाली मामानं लिहिलं होतं, "पोराला हेच समजावतोय, नाद सोड म्हणून." ते वाचलं आणि लिहायला बसलो.

आधी "दहा डोकी चुकत नाहीत" हे घेतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

त्या लिलावात पॉइंट मांडायला मीच बसलो होतो. टेनिस बॉलची स्पर्धा, आठ संघ, प्रत्येकाला बोलीसाठी हजार पॉइंट. या पोराचं नाव पुकारलं. डावखुरा फिरकी गोलंदाज. तो रोज ज्या संघाबरोबर सराव करतो, त्या संघाच्या कप्तानाकडं सगळ्यांच्या माना वळल्या. कप्तान वहीत बघत होता. त्याचं टेबल गप्प, म्हणून शेजारचं गप्प, मग पलीकडचं. "अनसोल्ड" म्हटल्यावर मागच्या खुर्चीत बसलेल्या पोरानं मोबाईल काढला आणि बंद स्क्रीनवरूनच अंगठा फिरवत राहिला.

चहाच्या वेळी मी कप्तानांना एकेकटं गाठून विचारलं. एक म्हणाला, "त्यांनीच घेतला नाही, म्हणजे खांदा गेला असणार." दुसरा म्हणाला, "मी साठपर्यंत जाणार होतो, पण कोणच हात वर करंना. म्हटलं, कायतरी भानगड असंल." आणि ज्याच्याकडं सगळे बघत होते तो? "माझे पॉइंट संपत आलेले, कीपर घ्यायचा राहिला होता."

खांदा ठणठणीत होता. आठ टेबलं गप्प बसली, पण पोराच्या गोलंदाजीबद्दल त्यात एकाचंही मत नव्हतं.

दुसऱ्यांचं बघून आपलं मत बाजूला ठेवण्याच्या या साखळीला अर्थशास्त्रात इन्फॉर्मेशन कॅस्केड म्हणतात. १९९२ मध्ये अभिजित बॅनर्जी यांनी, आणि त्याच वर्षी बिखचंदानी, हर्शलायफर व वेल्च या तिघांनी, याची मांडणी केली. बॅनर्जींनी शेजारशेजारच्या दोन हॉटेलांचं उदाहरण घेतलं होतं. आपण मिसळीची दोन दुकानं धरू. कुठली मिसळ चांगली, याचा प्रत्येकाचा स्वतःचा अंदाज शंभरात सत्तर वेळा बरोबर येतो, असं समजा. पहिले दोघं चुकून एकाच, वाईट दुकानात शिरले. तिसऱ्याचा अंदाज दुसऱ्या दुकानाचा असला, तरी तो म्हणतो, दोघं तिकडं गेलेत, त्यांना काहीतरी ठाऊक असणार. तोही तिकडंच. चौथ्याला तीन माणसं दिसतात, पण त्यातल्या तिसऱ्यानं स्वतःचा अंदाज गिळलाय, हे दिसत नाही. पहिले दोघं एकदम चुकण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे शंभरात नऊ वेळा. तिथून पुढं रांगेत दहा माणसं असोत की शंभर, चूक तशीच राहते. त्याच शंभर जणांनी एकमेकांकडं न बघता चिठ्ठीवर मत लिहिलं असतं, तर बहुमत चुकणं जवळपास अशक्य होतं. डोकी तेवढीच. फरक फक्त बघण्याचा.

अमेरिकेतल्या ड्राफ्टमध्ये तर संघ एकामागून एक, सगळ्यांसमोर खेळाडू निवडतात. त्यामुळं घसरण डोळ्यांना दिसते. २००५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, ड्राफ्टमध्ये अ‍ॅरन रॉजर्स पहिल्या क्रमांकावर जाईल अशी चर्चा होती. तो गेला २४ व्या क्रमांकावर. मधल्या काही संघांकडं त्याच्या खेळण्याच्या जागेसाठी आधीच माणूस होता, हे खरं. पण बघणाऱ्याला कारण दिसत नाही, फक्त "यांनीही सोडला" एवढंच दिसतं. पुढं तो चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

"खोट असणारच" याला वेगळं उत्तर फारसं लागत नाही. बोली न लागण्याला पर्समधली शिल्लक, परदेशी खेळाडूंची मर्यादा, उपलब्धता, नाव कितव्या सेटमध्ये, म्हणजे गटात, आलं, अशी कितीतरी कारणं असतात. २०११ च्या आयपीएल लिलावात ख्रिस गेल अनसोल्ड राहिला होता. मोसम सुरू झाल्यावर डर्क नॅनेस जखमी झाला, म्हणून बंगळूरनं गेलला बोलावलं. ६०८ धावा करून सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप त्यानंच नेली.

"मोठी बोली म्हणजे मोठा खेळाडू." यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. आपल्या चंदगडच्या कबड्डीपटू सिद्धार्थ देसाईसाठी २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले, ते आदल्या मोसमातल्या त्याच्या चढाया सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावर. ती बोली माहितीवर होती. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी एनएफएलचे ड्राफ्ट तपासले, तेव्हा एकाच जागेवर खेळणाऱ्या लागोपाठच्या दोन निवडींपैकी आधी निवडलेला पुढं सरस ठरण्याचं प्रमाण निघालं सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं: "दम आहे तो वर येतोच." वर यायला मैदानावर उतरावं लागतं, आणि कोणाला उतरवायचं हे त्याच निवडीवर ठरतं. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी १९९५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगबद्दल दाखवून दिलं, की खेळ सारखाच असला तरी वरच्या क्रमांकावर निवडलेल्याला जास्त मिनिटं खेळवतात आणि जास्त वर्षं संघात ठेवतात. म्हणजे आधी निवड, मग संधी, मग आकडे, आणि शेवटी ते आकडे दाखवून "बघा, निवड बरोबर होती." गेल आणि रॉजर्स आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांना दार उघडलं. ज्यांना उघडलं नाही, त्यांची यादी कुणाकडं नाही.

हे कोल्हापुरात तरी सांगायला लागू नये. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या कॉलेजचा हा पोरगा काय ताकदीचा आहे, हे ते जाणून होते. बाकीचे काय म्हणतात यावर त्यांनी घर गहाण टाकलं नव्हतं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. मग आमच्या समितीच्या मागं लागलो, की यंदा लिलावाआधी प्रत्येक कप्तानानं शंभर नावांसमोर आपापला आकडा लिहून बंद पाकिटात द्यायचा. दोघं कुरकुरले, पण दिली पाकिटं. रविवारी उघडली. त्या डावखुऱ्या पोराच्या नावापुढं आठपैकी पाच जणांनी आकडा लिहिलाय. सगळ्यात मोठा ऐंशीचा, आणि तो गेल्या वर्षी कीपर घ्यायचा राहिलेल्या कप्तानाचा.