मे महिना, बीपीची गोळी आणि गुडघ्याची गोळी

गेल्या वर्षी मे महिन्यात आप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ४.२, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नव्हतं. जळगावच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा पाहिला आणि आधी विचारलं, “दुखण्याची गोळी कोणती घेतात?” आम्ही तिघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. बीपीच्या गोळीचं नाव आम्हाला पाठ होतं. दुखण्याच्या गोळीला आमच्या घरात कोणी औषध समजतच नव्हतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. आप्पा ६८ वर्षांचे, अजून रोज शेतात जातात. मे अखेरीस बागायती कपाशीची लागवड, ठिबकच्या नळ्या अंथरायची घाई आणि डोक्यावर ४४-४५ अंशांचं ऊन. गुडघा ठणकायचा. मेडिकलवर जाऊन नुसतं “गुडघ्याची दे” म्हटलं की दहा गोळ्यांची पट्टी हातात. पट्टीवर उभी लाल रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पण ती रेघ ना देणारा बघतो, ना घेणारा. “एक गोयी लिधी का दिवसभर काम व्हस,” हे आप्पांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्यावर रागावू तरी कशी? ऐन हंगामात मजूर मिळत नाही आणि गुडघा धरून घरी बसलं तर लागवड कोण करणार?

त्याच आठवड्यात लग्नातलं जेवण बाधलं. दोन दिवस जुलाब. या दोन दिवसांत आप्पांनी बीपीची गोळी चुकवली नाही आणि गुडघ्याचीही नाही. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. रक्त आत आणणारी नळी उघडी राहावी म्हणून शरीर काही रसायनं तयार करतं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की सगळी भिस्त त्यांच्यावर असते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या नेमकी तीच रसायनं कमी करतात. मग बाहेर जाणारी नळी आवळून शरीर दाब टिकवू बघतं. पण टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी ती नळी सैल ठेवते. आप्पांच्या गोळीत तर लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही होतं. तिन्ही औषधं एकत्र, वरून ऊन आणि जुलाब. गाळण्याला लागणारा दाबच उरला नाही.

यात बीपीच्या गोळीचा दोष नाही. चढलेला बीपी स्वतःच मूत्रपिंड खराब करतो. मला वाईट वाटतं ते आपल्याकडच्या उलट्या भीतीचं. “बीपीच्या गोळीची सवय लागते” म्हणून लोक ती मनानेच सोडतात. आमच्या शेजारच्या काकूंचे पाय सुजले, तर त्यांनी अॅम्लोडिपिन बंद करून टाकली. त्या गोळीने काहींचे पाय सुजतात हे खरं, पण डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. त्यासाठी विचारावं लागतं. आणि याच काकू कंबरेसाठी रोज दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेत होत्या. मी पट्ट्या उलटून मागचं बारीक अक्षर वाचलं. दोन्हींत अॅसिक्लोफेनॅक!

“सोबत पित्ताची गोळी घेतो ना!” हेही रोज ऐकते. पँटोप्राझोल पोटाला जपते, मूत्रपिंडाला नाही. सुई घेतली म्हणून धोका टळतो, हाही गैरसमज. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सोपी, पण तीही मोजून घ्यावी. धडधाकट माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या, ही शेवटची हद्द. दारू किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ती आधीच मिसळलेली असते, ते कोणी धरत नाही.

पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या तर घेऊच नका. एका दिवसात जादूसारखा गुण आला तर आत स्टेरॉइड असू शकतं. अशा पुड्या महिनोन्‌महिने चालू असतील तर एकदम बंदही करू नका. त्यानेही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आप्पा लहानपणी गावाबाहेर, ढोरं टाकायच्या जागेवर गिधाडं बघायचे. ती गेली कशाने, तर गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने. मेलेल्या जनावरातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी ते बंद केलं. या औषधापुढे गिधाडाचं शरीर माणसाहून फार नाजूक, तुलना सरळ होत नाही. तरी दवाखान्यात आप्पांच्या उशाशी बसून मला ती गिधाडंच आठवत होती.

आप्पा वाचले. आठ दिवस सलाईन, डायलिसिसची वेळ आली नाही, क्रिएटिनिन १.३ वर उतरलं. आता उलटी-जुलाब झाले की आधी डॉक्टरांना फोन करायचा, बीपीची आणि साखरेची कोणती गोळी तेवढ्यापुरती थांबवायची ते विचारायचं, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलंय. औषधाने त्रास झाला तर कळवायला सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४, रुग्णही कळवू शकतात. मला तो फार उशिरा कळला.

मेडिकलवाल्या दादांना एवढंच हात जोडून सांगणं आहे, पट्टी देण्याआधी एक प्रश्न विचारा. आप्पा तर आता दुकानासमोर कोणी गुडघ्याची गोळी मागताना दिसलं की स्वतःच पुढे होतात, “बीपीनी गोयी चालू शे का तुनी?” परवा तिघांना विचारलं. दोघं हो म्हणाले.