दोन बाणांची बातमी

डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता, आणि तेवढ्यात बाकावरून नानाजींनी मोबाईलमध्ये व्हॉट्सॲप बघत जाहीर केलं, "कापसाले बारा हजार हमीभाव झाला!"

वस्तरा गळ्याशी असताना शहाणा माणूस गप्प बसतो. पण २०१६ साली मीच स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं, की दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते. गणिताच्या बाईंनी नोट उजेडात धरून "कुठाय सर?" विचारलं. तेव्हापासून बातमीचं मूळ हुडकायची खोडच लागली.

"नानाजी, २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११०, मध्यम धाग्याला ७,७१०. केंद्र सरकारनं मे महिन्यातच जाहीर केलाय."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सरकारी पत्रकात आहे. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"जवायानं."

जावयाची उलटतपासणी आमच्याकडे होत नाही.

नानाजींनी मोबाईल माझ्या फेसाळ नाकापुढे धरला. "हे पाहा. वर दोन बाण हायेत. साध्या बातमीले एकच राहते. दोन म्हंजे पक्की!"

मी समजावलं, दोन बाण म्हणजे हा मेसेज पाच-सहा हातांतून फिरत आलाय, मूळ कुणाचा पत्ता नाही. म्हणून तर २०२० पासून असला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येतो.

"मंग? खरा माल मापातच भेटते, गुरुजी. रेशन नाही का मोजून देत?"

न्हावी खो खो हसला. वस्तऱ्यासकट.

मला मात्र हसू येईना. नानाजींच्या घरात कापूस आढ्याला टेकलाय, घरभर खाज. बारा हजारांच्या भरवशावर तो तिथंच पिवळा पडणार, आणि शेवटी गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला व्यापारी हमीभावाच्याही खाली मागणार. काट्यावर तेव्हा ना जावई असेल, ना ते दोन बाण. हे बसल्या बसल्या टाइप करणाऱ्यानं आयुष्यात एक बोंड तरी वेचलंय का?

न्हाव्यानं तळहातावरच्या पेपरच्या तुकड्याला फेस पुसला. मथळ्यात 'हमीभाव' दिसलं. "थांब!" मी त्याचा हात धरला, बोटानं माझाच फेस आणि खुंट बाजूला सारले. खाली ठसठशीत ८,११०.

नानाजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"हे रद्दी हाये, गुरुजी. माही आत्ताच आली."