घरून काम म्हणजे ‘पगारी सुट्टी’ नव्हे

नागपुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. घरून काम म्हणजे पगारी सुट्टी, नवी पोरं काही शिकत नाहीत, बायकांना घरकाम उरकायला ही सोय हवी असते, ऑफिसांजवळच्या टपऱ्यांचा धंदा बुडतो. म्हणून कंपन्यांनी सगळ्यांना रोज ऑफिसात बोलवावं. मी एका सपोर्ट टीमचं काम बघतो. यातला एकच मुद्दा मला अर्धा पटतो.

आधी ‘पगारी सुट्टी’चं बघू. आमच्याकडे प्रत्येक तिकीट, म्हणजे ग्राहकाची नोंदवलेली तक्रार, कोणी, किती वाजता उचललं, कधी बंद केलं, ग्राहकानं ते पुन्हा उघडायला लावलं का, हे सगळं स्क्रीनवर दिसतं. माणूस मिहानमधल्या ऑफिसात बसलाय की मानेवाड्यातल्या घरी, हे त्यावरून कळतही नाही. कामचुकार ऑफिसातही कामचुकारच असतो. तिथे खुर्चीत दिसतो म्हणून खपून जातो, इतकंच.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. तयार असलेल्यांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात राहिले. घरून करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. काम वाढलं ते मुख्यतः मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे. पुढे पुन्हा निवड करायला सांगितल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी जागा बदलली. घरी एकटं वाटतं म्हणून ऑफिसात परतणारेही त्यात होते. त्यांनाही ती मुभा हवीच. माझा विरोध सक्तीला आहे.

आणि नागपूरचा मे महिना? पारा 45 च्या पुढे, दुपारी दोनची शिफ्ट, खापरीला मेट्रोतून उतरून तोंडाला दुपट्टा बांधून पुढचं अंतर कापायचं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, असा तापून आलेला माणूस पहिला अर्धा तास पाणी पीत नुसता बसून असतो. हे मी दरवर्षी बघतो.

नवी पोरं शिकत नाहीत, हा तो अर्धा पटणारा मुद्दा. शेजारी बसलेला सीनियर चिडलेल्या ग्राहकाशी कसा बोलतो, हे ऐकूनच शिकावं लागतं. म्हणून नव्यांना सुरुवातीचे महिने ऑफिसात ठेवा. पण त्यासाठी दहा वर्षं काम केलेल्यालाही रोज कशाला बोलवायचं? त्याच सीट्रिप कंपनीतल्या 1,612 जणांवरचा दुसरा अभ्यास 2024 मध्ये आला. आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशानं घटले, कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही.

बायकांबद्दलचं वाक्य तर निव्वळ अपमान आहे. मातृत्व रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्परसंमतीनं घरून काम देता येईल, हे 2017 च्या दुरुस्तीनं कायद्यातच आलंय.

बुटीबोरीच्या कारखान्यात मशीनवर उभं राहणाऱ्याला ही सोय देता येत नाही, मान्य. पण म्हणून लॅपटॉपवर काम करणाऱ्याची का काढून घ्यायची?

राहिल्या टपऱ्या. माझ्या टीममधले दोघं कोरोनाच्या काळात पुण्याहून परत आले, ते इथेच राहिले. आता त्यांचा किराणा इथल्या दुकानातून येतो, भाजी गोकुळपेठेच्या बाजारातून, आणि संध्याकाळचा चहा घराजवळच्या टपरीवर होतो. त्यांना उद्या रोज पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसात हजर राहायला लावलं, तर नागपुरातल्या कुठल्या टपरीचा धंदा वाढणार आहे?