हेडशॉटची फुशारकी

हरणाच्या शिकारीचा विषय निघाला की कुणीतरी ऐटीत सांगतोच, "आपण फक्त डोक्यात मारतो. एकतर जागेवर आडवं, नाहीतर साफ चुकलं." यातला दुसरा भाग खोटा आहे. मेंदू मुठीत मावेल एवढा, आणि डोकं सतत हलतं. गोळी चार बोटं खाली लागली तर जबडा तुटतो. तसं हरीण पळून जातं, मागे रक्तही फार सांडत नाही, आणि मग खाता येत नाही म्हणून उपाशी मरतं. बार टाकणारा 'चुकला' म्हणत घरी! जवळून, रायफल नीट टेकवून हे रोज करणारे व्यावसायिक असतात. फुशारकी मारणारे बहुधा ते नसतात.

नेम छातीवरच हवा. हरीण आपल्याकडे कूस करून उभं असताना पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर. तिथे हात थोडा हलला तरी हृदय नाहीतर फुप्फुसं सापडतात. दोन्ही फुप्फुसं फुटलेलं हरीणही पन्नास-शंभर मीटर धावतं. त्यात कमीपणा कसला?

जागेइतकाच कोन महत्त्वाचा. हरीण तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन नेम धरायचा. शेपटीकडून बार टाकायचाच नाही. मचाणाच्या अगदी खाली आलेलं हरीण सोपं वाटतं, पण उभ्या कोनात बऱ्याचदा एकच फुप्फुस सापडतं, आणि तेवढ्यावर ते फार लांब जातं.

धनुष्यवाल्यांसाठी थोडं गणित. वेगवान बाण सेकंदाला 90 मीटर जातो, आवाज 340. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी कळतो. उडी घ्यायला ते आधी खाली दबतं, आणि बाण वरून जातो किंवा पाठीत घुसतो. जर्मनीत धनुष्याने शिकारीला बंदीच आहे. तिथे लहान रो हरणासाठीसुद्धा 100 मीटरवर किमान 1000 ज्यूल ऊर्जेची गोळी लागते. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. हे मला सगळ्यात पटतं, कारण जड काडतूस वाकडा नेम सरळ करत नाही.

बार लागल्यावर लगेच धावत सुटणारे तर डोक्यातच जातात. आधी रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद लाल असेल तर बहुतेक यकृत. काही तास थांबा. हिरवट घाण आणि दुर्गंधी म्हणजे पोट फुटलंय. अशा वेळी सहा-आठ तास मागे जायचं नाही, कारण आडोशाला बसलेलं हरीण उठवलं की ते पुन्हा पळतं आणि सापडतच नाही. पाऊस येणार असेल तर रक्त धुऊन जाईल म्हणून लोक घाई करतात. मी तरी थांबेन आणि माग काढणारा कुत्रा बोलवेन. त्याला डोळ्यांना दिसणारं रक्त लागत नाही.