कार्डावरची तांबडी शाई

कुत्रं चावलं त्याचं मला आता काही वाटत नाही. आमराईजवळ, सकाळी सहाला, डाव्या पोटरीला. मी त्याच्या वाटेत आलो की ते माझ्या, हा वाद मी सोडून दिलाय. घरी येऊन पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं जखम धुतली आणि सांगलीतल्याच एका सरकारी दवाखान्यात रांगेला लागलो. माझं खरं दुखणं तिथून पुढचं.

माझ्यामागे एक गृहस्थ होते. पांढरी टोपी, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला. माझा चष्मा आणि कापडी पिशवी बघून त्यांनी मला परस्पर मास्तर करून टाकलं. मी बँकेतून निवृत्त झालोय, हे सांगायला त्यांनी फटच ठेवली नाही.

"सर, ह्ये शून्य काय भानगड हाय?"

भिंतीवर रेबीजच्या इंजेक्शनांच्या दिवसांचा तक्ता होता: ०, ३, ७, २८. दर खेपेला दोन्ही दंडांत एकेक. मी म्हणालो, शून्यावा दिवस म्हणजे आज.

"आज चावलंय की! मग शून्य कसं?"

यावर बँकेतही कुणाकडे उत्तर नसतं.

मग ते बोटांची पेरं मोजू लागले. अंगठा बुधवारवरून निघाला, आठवडा फिरून पुन्हा बुधवारवर आला आणि तिथंच थबकला. चेहरा असा उतरला की मला वाटलं, चक्कर आली.

"सर, सातवा दिवस बुधवारी. आन् गटारीबी बुधवारीच!"

मी "अरेरे" म्हणालो. ही माझी चूक.

"अठ्ठाविसाव्याचं काय न्हाई, त्यो श्रावणात जातुय. श्रावणात मी थेंबाला शिवत न्हाई, देवाचं असतंय. पर त्या कुत्र्याला आठ दिस दम धराय काय हुतं? सगळी इंजेक्शनं श्रावणात बसली असती!"

मी मनात पडताळून पाहिलं. हिशेब बिनचूक होता. कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा इतक्या चोख सांभाळणारा खातेदार मला उभ्या नोकरीत भेटला नाही.

खरं तर इंजेक्शनं चालू असताना दारू नको, हे पथ्य रेबीजच्या जुन्या लसीचं. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची, बेंबीभोवती टोचायची, आणि डॉक्टर तेव्हा दारू तोडायला सांगत. २००४ च्या अखेरीस ती आपल्याकडे बंद झाली, पण आमच्या गल्लीत अजून दारूबरोबर वांगंसुद्धा बंद करतात. वांग्यानं काय केलंय कुणास ठाऊक. आणि हा घोळ एकट्या सांगलीचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये रशियात लोकांना कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली, तेव्हा आना पोपोवा नावाच्या बड्या अधिकारी बाईंनी ५६ दिवस दारू नको म्हणून सांगितलं. लस बनवणाऱ्या गामालेया संस्थेचे प्रमुख म्हणाले, दर इंजेक्शननंतर तीन दिवस पुरेत, आणि शॅम्पेनच्या एका ग्लासानं कुणाचं काही बिघडत नाही. तिथं निदान ज्यांना प्यायची होती त्यांनीच विचारलं असणार.

"सर, तुमी इचारा की सिस्टरास्नी. तुमाला नीट बोलता येतंय."

मी सपशेल नाही म्हणालो. मी घेत नाही, हेही सांगितलं. ते हसले. "आसं समदीच म्हंत्यात."

माझा नंबर आला. मी बाही वर केली, आणि मागून खणखणीत आवाज आला, "सिस्टर, ह्ये सर इचारत्यात, गटारीला घेतली तर चालतंय का?"

सगळी रांग वळली. बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मातोश्रीही वळल्या.

"अहो, वय काय तुमचं! कुत्रं चावलंय, आणि दारू सुचतेय?" सिस्टरांनी माझ्या कार्डावर तांबड्या पेनानं 'दारू बंद' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पलीकडे डॉक्टर पुटपुटले, आताच्या लसीला खाण्यापिण्याचं तसं पथ्य नाही, फार ढोसू नका म्हणजे झालं. ते फक्त मलाच ऐकू गेलं. ज्याला उपयोग नाही त्यालाच.

लसीखेरीज जखमेत भरायचं रेबीजविरोधी सीरम मात्र संपलं होतं. चिठ्ठी हातात दिली, बाहेरून आणा. रक्त आलेल्या जखमेला ते लागतंच, तरी त्यावरून कुणी कुणाला वय विचारलं नाही. मी ऊन डोक्यावर घेऊन तीन दुकानं फिरलो. कुत्रं अजून आमराईपाशीच आहे, तब्येत उत्तम.

कार्ड घरी फ्रिजवर चिकटवलंय. "तारीख विसरू नये म्हणून," बायको म्हणते. संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि माझा हात उगीचच बराच वेळ हातात धरून उभे राहिले.

शनिवारी दुसऱ्या खेपेला गेलो. गृहस्थ आधीच बाकावर होते, प्रसन्न. माझं कार्ड मागून घेतलं, वाचलं, हळहळले. मग आपलं कार्ड माझ्यापुढे धरलं.

"बघा सर, माझ्यावर कायबी लिवल्यालं न्हाई. मंजे मला चालतंय."